ॲन्जिओप्लास्टी-बायपाससाठी जनआरोग्य योजना: प्रकरण नेमकं कुठे अडतं

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, घरून भरून न्यायचा असा अर्जच नसतो, तरी 'फॉर्म कुठे मिळेल' असं विचारत तहसीलच्या आवारात फिरणारे लोक कमी होत नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. तो रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र पाहून नोंद करतो, डॉक्टर तपासण्या करतात, रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं आणि मंजुरी आली की उपचार होतात. कागदावर प्रक्रिया एवढीच आहे.

पात्रतेबद्दल अजूनही जुनीच माहिती फिरते. 'आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कुठलं मिळायला' असं म्हणून लोक टेबलापर्यंत जातच नाहीत. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली, त्यात पांढरं कार्डही आलं. १ जुलै २०२४ पासून ती अमलात आहे. कार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालतं. मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली, पण ती सगळ्या कुटुंबाला मिळून, माणशी नव्हे. वडिलांचं बायपास झालं की त्याच वर्षात आईसाठी उरेल तेवढंच. किती उरलंय ते आरोग्यमित्र संगणकावर बघून सांगतो. सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्राच्या आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड उपचारांसाठी मिळतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं.

आता खरी अडचण. बहुतेक प्रकरणं हृदयामुळे नाही, रेशनकार्डामुळे लटकतात. कार्डावर रुग्णाचं नाव हवं, आणि ते कार्ड ऑनलाइन नोंदलेलं हवं, म्हणजे त्याला बारा अंकी नंबर पडलेला हवा. लॅमिनेशन केलेलं, वीस वर्षं कपाटात जपलेलं कार्ड टेबलावर ठेवलं जातं आणि संगणकावर काहीच दिसत नाही. किंवा कार्डावर 'सुनंदा' आणि आधारवर 'सुनीता'. माणूस आतल्या वॉर्डात ऑक्सिजनवर असतो आणि बाहेर 'ही बाई तीच कशावरून' याचा खल चालतो. यात आरोग्यमित्रावर ओरडून उपयोग नसतो, त्याची स्क्रीन नावं जुळल्याशिवाय पुढे सरकत नाही.

सगळ्यात जास्त सुना अडकतात. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी सासरच्या कार्डात नाव नसतं, माहेरच्या कार्डातून भावाने कधीच काढलेलं असतं. सासरी नाव चढवायला नमुना ८ चा अर्ज लागतो आणि सोबत माहेरच्या पुरवठा कार्यालयाचा 'नाव कमी केल्याचा दाखला'. हा दाखला कोणाकडेच नसतो. तो माहेरच्या तालुक्यातून आणायचा, आणि साहेब मीटिंगला गेलेले असले की उद्या या. अँजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारं, दुखणं सुरू असलेल्या बाईला हे धावपळीचं काम सांगणं म्हणजे क्रूरपणाच आहे, पण नियम तसा आहे. म्हणून घरात कोणाला चालताना छातीत दाब येतो, शुगर-बीपी आहे, डॉक्टरांनी 'ॲन्जिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांची तपासणी) करून बघू' म्हटलंय, तर त्याच आठवड्यात कार्ड उघडून प्रत्येक नाव आधारशी ताडून बघा. कार्ड गावाकडचं आणि रुग्णालय पुण्या-मुंबईचं असलं तरी चालतं, त्यासाठी पत्ता बदलत बसू नका.

हे सगळं वेळ हातात असेल तेव्हाचं. छातीत जोराची कळ, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं सुरू झालं तर कागद शोधत थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या बारा तासांतच उपयोगी, आणि जितकं लवकर तितकं बरं. ॲन्जिओप्लास्टी करायची तर रुग्णालयात पोचल्यापासून दीड तासाच्या आत व्हावी असं डॉक्टर धरतात. योजनेत याची सोय आहे: तातडीच्या वेळी रुग्णालय फोनवर कळवून परवानगी घेतं आणि कागद मागाहून देता येतात. 'आधी रेशनकार्ड आणा, मग दाखल करू' असं कोणी म्हणालं तर तिथेच उभं राहून योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर, फोन लावा. पण 'मागाहून' याचा अर्थ 'कधीतरी' असा होत नाही. दिलेली मुदत आरोग्यमित्राला विचारून लिहून घ्या. डिस्चार्जपर्यंत कार्ड आलं नाही तर बिल तुमच्या नावावर पडतं.

पैशांबाबतही तोच घोळ. योजना कॅशलेस आहे. आधी भरलेले पैसे नंतर परत मिळतील या भरवशावर सोनं मोडून डिपॉझिट भरू नका. रुग्णालय योजनेत आहे का एवढं विचारून भागत नाही, हृदयरोगासाठी आहे का तेही विचारा. हाडांसाठी यादीत असलेल्या रुग्णालयात रात्री पोचलेली माणसं सकाळी पुन्हा दुसरीकडे धावतात. ॲन्जिओग्राफीच्या टेबलावर झोपायच्या आधीच नोंद करून घ्या आणि तिचा खर्च कुठे धरणार ते स्पष्ट विचारा. बाहेर रोखीने करून आलात तर ॲन्जिओग्राफीची सीडी तरी सांभाळा. नुसता छापील रिपोर्ट पाहून मंजुरी देणारे डॉक्टर समाधानी होत नाहीत.

वैद्यकीय कारणाने परत येणारी प्रकरणंही असतात. हृदयाच्या मोठ्या धमन्यांपैकी एकीत साधारण ७० टक्के किंवा जास्त, 'डावी मुख्य' म्हणतात त्या धमनीत ५० टक्के किंवा जास्त अडथळा असेल तर तो गंभीर धरतात. ५०-६० टक्क्यांच्या ब्लॉकेजला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) मागितला की मंजुरी देणाऱ्यांकडून प्रश्न येतो, आणि तो रास्तच असतो, कारण स्थिर आजारात आधी गोळ्यांनीच भागतं का ते बघायचं असतं. या प्रश्नालाच क्वेरी म्हणतात; 'क्वेरी आलीय' म्हणजे नकार नाही. पण तिचं उत्तर रुग्णालयाने द्यायचं असतं आणि ते बऱ्याचदा कोणाच्या तरी ड्यूटीची वाट बघत पडून राहतं. रोज सकाळी विनयाने विचारा, 'क्वेरी कशाची आहे आणि उत्तर गेलं का?'

स्टेंटवर वरचे पैसे मागितले तर: फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने कमाल किमती ठरवल्या, साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये. पुढे त्या वेळोवेळी बदलल्या. योजनेच्या पॅकेजमध्ये स्टेंट, औषधं, जेवण आणि घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही येतं. हे भाडं मागणारे फार थोडे, कारण कोणी सांगतच नाही.

योजनेत बसलंच नाही तर धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टने चालवलेलं, रुग्णालय बघा. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलतीत उपचार, त्यासाठी दोन्ही गटांना प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीही आहे, पण तिथले पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात आणि उपचार उरकल्यावर केलेला अर्ज चालत नाही. रुग्ण दाखल असतानाच खर्चाचं अंदाजपत्रक घेऊन अर्ज करायचा.

आणि एक मुदत लोक हमखास चुकीची समजतात. डिस्चार्जनंतर योजनेतून औषधं मिळतात ती दहा दिवसांची. योजनेतल्या गोळ्या संपल्या म्हणजे कोर्स संपला, असं धरून लोक रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या थांबवतात. अटॅकनंतर त्या साधारण वर्षभर लागतात, मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. जनऔषधी केंद्रात त्या स्वस्त मिळतात. डिस्चार्ज कार्डावरची नावं तिथे दाखवून अकराव्या दिवसाची सोय दाखल असतानाच करून ठेवा.