हैतीतले मुलॅटो आणि 'आधीचे मुक्त' एकच नव्हेत हो

हैतीवर मराठीत काहीही वाचायला घ्या, तिसऱ्या-चौथ्या ओळीत ते वाक्य येतंच: स्वातंत्र्यानंतर सत्ता मुलॅटोंकडे गेली आणि काळे गरीब राहिले. साफ चुकीचं असतं तर एका ओळीत खोडलं असतं, पण हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त वैताग येतो.

रंगाचं तुम्हाला माहीतच आहे, मुलॅटो म्हणजे मिश्र रंगाचे लोक: गोरा बाप, काळी आई आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या. हैती फ्रेंचांची वसाहत असताना तिथल्या मोरो द सँ-मेरी नावाच्या वकिलाने तर माणसाचे 128 भाग कल्पून कोणात किती गोरेपणा याचा तक्ताच मांडला होता. असो, पुढे.

गाडी अडते ती दुसऱ्या विभागणीपाशी. 1793 साली तिथली गुलामगिरी बंद झाली. त्याच्या आधीच जे मोकळे होते ते 'आँसियँ लिब्र', म्हणजे आधीचे मुक्त, आणि त्यानंतर सुटले ते 'नूव्हो लिब्र', नवे मुक्त. आता गंमत बघा, आधीच्या मुक्तांत मुलॅटो भरपूर होते पण काळेही होते, आणि गुलामांत मुलॅटोही होते. गुलामांच्या उठावाचा पुढारी तूसाँ लूव्हर्तुरच घ्या. काळा माणूस, गुलाम म्हणूनच जन्मलेला, पण 1791 च्या उठावाच्या कितीतरी वर्षं आधी सुटलेला, आणि मधल्या काळात कॉफीचा छोटा मळा भाड्याने घेऊन त्यावर चक्क गुलाम राबवलेला! रंग विचाराल तर तो पाच लाख गुलामांच्या बाजूला, आणि कधी सुटला असं विचाराल तर थेट पलीकडे.

फरक पडतो कुठे, तर जमिनीत. आधीच्या मुक्तांकडे जमीन होती, कागद होते, बऱ्याच जणांना फ्रेंच येत होतं. नव्या मुक्तांकडे हातपाय आणि क्रेओल, म्हणजे तिथली बोली. 1804 ला हैती स्वतंत्र झालं, गोरे मळेवाले गेले आणि मळे मोकळे पडले, मग मालक कोण? 1805 च्या घटनेने रंगाचा प्रश्न कागदावर एका झटक्यात मिटवला, यापुढे सगळे हैतीवासी 'काळे' म्हणूनच ओळखले जातील, त्यात फ्रेंच सैन्यातून फुटून आलेले पोलिश गोरेसुद्धा आले. पण जमिनीचा प्रश्न असा कलमाने मिटत नाही ना. 'मळा आमच्या बापाचा' म्हणत लोक कागद घेऊन यायला लागले, आणि स्वतंत्र हैतीचा पहिला सत्ताधीश देसालिन ते तपासायला बसला. किस्सा असा सांगतात की नवे कागद जुने दिसावेत म्हणून धुरावर धरलेले असायचे आणि हा पठ्ठ्या ते सरळ नाकाला लावून हुंगायचा, धुराचा वास आला की कागद बाद! 17 ऑक्टोबर 1806 ला राजधानीजवळच्या पाँ-रूजला कटवाल्यांनी दबा धरून त्याला मारलं. यालाही 'मुलॅटोंनी मारलं' म्हणून मोकळे होतात. अरे पण कटवाल्यांनी नवा प्रमुख म्हणून नाव कोणाचं पुढे केलं, तर सेनापती क्रिस्तोफचं, जो काळा होता.

त्यानंतर देशाचे दोन तुकडे झाले आणि रंगाचं गणित पारच उलटं पडतं. उत्तरेत काळा राजा क्रिस्तोफ, त्याने मोठे मळे शाबूत ठेवून मजुरांना सक्तीने राबवलं. दक्षिणेत उजळ रंगाचा पेत्याँ, त्याने 1809 पासून सैनिकांना जमिनीचे तुकडे वाटले. (आणि क्रिस्तोफने वाटलेल्या किताबांपैकी 'ड्यूक ऑफ मार्मेलाद' वर, मुरांबा समजून, हसणं थांबवा प्लीज, ते तिथल्या गावाचं नाव आहे.)

माझ्या मते हे सगळं 1844 च्या दक्षिणेतल्या शेतकऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळलं होतं. टोकदार भाले घेऊन उठले म्हणून त्यांना 'पिके' म्हणायचे आणि त्यांचा पुढारी होता आकाओ. त्याच्या नावावर एक वाक्य सांगतात: नेग रिश से मिलात, मिलात पोव से नेग. श्रीमंत काळा तो मुलॅटो, गरीब मुलॅटो तो काळा. इथे कृपा करून 'नेग' चं भाषांतर शिवी म्हणून करू नका, क्रेओलमध्ये नेग म्हणजे सरळ 'माणूस' पण होतं. आणि 'ब्लाँ' म्हणजे कुठलाही परदेशी, अमेरिकेतून आलेला काळा पाहुणासुद्धा तिथे ब्लाँच!

उजळ उच्चवर्गीयांना मात्र हे वाक्य बरोब्बर समजलं. पुढे त्यांनी 'दूब्लूर' ची युक्ती काढली, दूब्लूर म्हणजे कपड्याचं अस्तर. फक्त इथे अस्तर बाहेरून आणि खरं कापड आत, म्हणजे खुर्चीत काळा अध्यक्ष आणि सूत्रं आपल्या हातात. पहिला बसवला तो ऐंशी ओलांडलेला गेरिए. मग 1847 मध्ये सूलूकला बसवलं, हाही मुकाट्याने बसेल अशा समजुतीत. वर्षभरात त्याने राजधानीत मुलॅटोंचीच कत्तल केली आणि 1849 ला डोक्यावर सम्राटाचा मुकुट चढवून घेतला.