प्राणिहक्क (मराठवाड्याच्या संदर्भात)

प्राण्यांचे संरक्षण माणसाच्या दयेवर सोडू नये, त्यांच्या स्वतःच्या नावाने न्यायालयात मागता येतील असे हक्क त्यांना असावेत, या भूमिकेला प्राणिहक्क म्हणतात. प्राणिकल्याणाची भूमिका याहून सौम्य आहे. प्राण्याचा वापर मान्य करून त्यातील यातना कमी करण्यावर तिचा भर असतो. हक्कवादी मात्र वापरालाच हरकत घेतात. मराठवाड्यात दावणीचा बैल विकलाही जातो आणि घरचा माणूसही मानला जातो, त्यामुळे इथे ही चर्चा केवळ तत्त्वाची राहत नाही.

मुक्या जीवाच्या यातनेची दखल घेण्याची परंपरा या प्रदेशात जुनी आहे. पैठणच्या संत एकनाथांनी रामेश्वरासाठी नेत असलेले गंगोदक तहानलेल्या गाढवाला पाजले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. बैल धुऊन आणतात, जू टेकून टेकून निबर झालेल्या त्याच्या खांद्यावर हळद आणि तूप चोळतात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्याला सांगतात. वर्षभर ओझे वाहिलेल्या नेमक्या त्या जागेवर हात फिरवणे म्हणजे ऋण कबूल करणे होय. मात्र कबूल केलेले ऋण कायद्याने मागता येत नाही.

भारतीय कायद्याने प्राण्याला हक्क देण्याऐवजी माणसाला कर्तव्य सांगितले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. त्याच्या कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याची नीट काळजी घेणे बंधनकारक आहे आणि कलम ११ मध्ये क्रूरतेची कृत्ये दिली आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड १० ते ५० रुपये इतकाच असून, सहा दशकांनंतरही तो तसाच राहावा ही लाजिरवाणी गोष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राणी मारल्यास किंवा जायबंदी केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ते कलम मालमत्तेच्या नुकसानीच्या प्रकरणात येते. संविधानाच्या ४२ व्या दुरुस्तीने १९७६ साली प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले.

हक्काची भाषा न्यायालयांतून आली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू (तामिळनाडूतील बैलाला काबूत आणण्याचा खेळ) व बैलगाडा शर्यतींवर बंदी घालताना, भूक, भीती, वेदना यांपासून मुक्तीसारखी पाच स्वातंत्र्ये प्राण्यांना असल्याचे म्हटले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समस्त प्राणिसृष्टीला विधिमान्य व्यक्तीचा, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हक्क धारण करणाऱ्या व्यक्तीचा, दर्जा दिला. देवस्थानातील मूर्ती किंवा कंपनी यांना तो आधीपासून आहेच. पुढे १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांनी अशा खेळांना व शर्यतींना परवानगी देण्यासाठी कायद्यात केलेल्या दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मानण्यास नकार दिला.

माणसासारखेच सगळे हक्क प्राण्याला द्यावेत, ही मागणी शब्दशः घेतली तर निरर्थक ठरते, कारण बैलाला मतदान नको असते. त्याला पाणी, सावली, विसावा आणि न सोललेला खांदा हवा असतो. केवळ जीव वाचवूनही भागत नाही. राज्यात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीस बंदी आहे, पण म्हाताऱ्या बैलाच्या चाऱ्याचा भार मालकावरच राहतो, आणि २०१८-१९ सारख्या दुष्काळात माणसांनाच टँकरने पाणी मिळते तेव्हा तो भार कोरडवाहू शेतकऱ्याला पेलत नाही. पिकात शिरणाऱ्या रोही (नीलगाय) आणि रानडुकरे यांचा प्रश्न वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतो आणि तिथे पिकाचे नुकसान सोसणाऱ्याची बाजूही ऐकावी लागते.

हक्काची खरी कसोटी ऊसतोडीत लागते. बीड, धाराशिव भागांतील कुटुंबे मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन हंगामाला जातात, तेव्हा बरीचशी वाहतूक टायरगाडीच्या बैलांवर असते. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यांनुसार दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, तापमान ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपता येत नाही, आणि टोकदार आर (लोखंडी टोक) लावलेली पराणी, म्हणजे बैल हाकायची काठी, वापरता येत नाही. बैलाचा आकार व गाडीची चाके पाहून ओझ्याची मर्यादाही ठरवलेली आहे. मार्चनंतर मराठवाड्यात पारा ३७ च्या पुढे जाणे नेहमीचेच आहे. परंतु मजुरी टनावर मिळते आणि उचल फेडायची असते, म्हणून गाडी जादा भरली जाते. बैलाला खांदेसूज आली तरी एखादा दिवस गाडी सोडून ठेवणे गाडीवानाला परवडत नाही. बैलाच्या वतीने तक्रार करू शकणारा सर्वांत जवळचा माणूस तोच असतो, आणि तो स्वतः कर्जाने बांधलेला असतो. दंडाची पावती त्याच्या हातात देण्याने हा गुंता सुटणार नाही. प्रत्येक गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबतेच आणि उसाचे वजन तिथे किलोपर्यंत नोंदले जाते. मर्यादेपेक्षा जास्त भरलेली गाडी त्याच नोंदीत दिसते, तेव्हा जबाबदारीही तिथूनच धरली पाहिजे.