पिकअप दान करताय? टायटलवर पेन टेकवण्याआधी आम्हाला एक फोन करा

अमेरिकेत लोकांनी दान केलेल्या गाड्या दारातून उचलून आम्ही धर्मादाय संस्थांकडे पाठवतो. फोन आला की आमचा पहिला प्रश्न गाडीबद्दल नसतो, टायटलबद्दल, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदाबद्दल असतो, आणि बऱ्याच जणांना ते विचित्र वाटतं. गाडी चालू आहे का, गंज किती, टायर कसे, हे सगळं नंतर. वर्षभर बंद पडलेला फोर्ड रेंजर पिकअप आम्ही विंचनं ओढून फ्लॅटबेडवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर, चढवू, पण टायटलवर खाडाखोड झालेली असेल तर चकाचक ट्रकही जागचा हलवता येत नाही.

होतं काय, लोक आदल्या रात्रीच सगळं भरून ठेवतात. टायटल उलटं केलं की मागे बारीक अक्षरात विकणाऱ्याची जागा, घेणाऱ्याची जागा, मायलेजची जागा, शिवाय काही राज्यांत डीलरसाठी अजून वेगळे रकाने. आता दान करतोय म्हटल्यावर "विकणारा" म्हणजे आपण हे पटकन डोक्यात येत नाही, सही घेणाऱ्याच्या रेषेवर जाते, मग ती खोडली जाते नाहीतर व्हाइटनर लागतो. आणि खाडाखोड झाली की टायटल बाद, हे बऱ्याच टायटलवर छापलेलंच असतं. मागच्या हिवाळ्यात एका काकांकडे गेलो तर ट्रक धुऊन पुसून तयार, किल्ल्या पाकिटात, टायटल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहून पट्टी धरून नीट खोडलेलं! ड्रायव्हर रिकामा परत आला. डुप्लिकेट टायटल यायला पाच आठवडे गेले, तोवर ट्रकची बॅटरीही बसली. काकांना फार वाईट वाटलं आणि आम्हालाही, कारण माणूस चांगलं काम करायला निघाला होता.

म्हणून विनंती, आम्ही येईपर्यंत टायटल कोरंच ठेवा. काही राज्यांत सही नोटरीसमोरच करावी लागते, तिथं आधी केलेली सही तशीही चालत नाही. आमचा माणूस तुमच्यासोबत बसतो, कुठल्या रेषेवर काय ते बोट ठेवून दाखवतो, आणि घेणाऱ्याच्या जागी संस्थेचं पूर्ण नाव तुमच्या डोळ्यांदेखत लिहिलं जातं. ती जागा कोरी सोडून टायटल कोणाच्याही हातात देऊ नका, आमच्याही नाही. यात वीस मिनिटं जातात आणि काही जण म्हणतात की दुसरे लोक तर नुसता ट्रक उचलून घेऊन जातात. जात असतील, पण टायटल दुसऱ्याच्या नावावर झालंच नाही तर उद्या टोलची आणि पार्किंगची बिलं तुमच्या दारात येतात.

टायटलवर दोन नावं असतील तर मधे "अँड" आहे की "ऑर" ते बघा, "अँड" असेल तर दोघांच्या सह्या लागतात. लोन फिटलं असेल पण बँकेचं नाव अजून टायटलवर असेल तर बँकेकडून लीन रिलीजचा, म्हणजे गाडीवरचा हक्क सोडल्याचा, कागद आधी मागवा. वडिलांच्या नावावरची गाडी असेल आणि ते आता नसतील तर आधी फोन करा, त्याचे कागद वेगळे आहेत. मॉडेल २०११ किंवा नंतरचं असेल तर मायलेजही लिहावं लागतं, ते ओडोमीटर बघून लिहायचं, अंदाजानं नाही.

आता टॅक्स. केली ब्लू बुकमध्ये (जुन्या गाड्यांचे अंदाजे भाव तिथं मिळतात) ४,००० डॉलर दिसतात म्हणून तेवढं डिडक्शन, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वजावट, मिळेल असं धरून चालू नका. २००५ पासून नियम असा आहे की संस्थेनं गाडी विकली तर साधारणपणे जेवढ्याला विकली गेली तेवढंच डिडक्शन. ५०० डॉलर किंवा कमीला गेली तर बाजारभाव आणि ५०० यातलं जे कमी ते. संस्थेनं ती स्वतःच्या कामाला भरपूर वापरली किंवा गरजू माणसाला अगदी कमी किमतीत दिली तर मात्र बाजारभाव धरता येतो. डिडक्शन ५०० च्या वर गेलं की संस्थेनं विक्रीनंतर ३० दिवसांत १०९८-सी फॉर्म, म्हणजे गाडी दान केल्याची पावती, द्यायचा असतो, तो रिटर्नला जोडायचा. आणि हे सगळं आयटमाइझ करणाऱ्यांसाठी, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवणाऱ्यांसाठी, ठरलेल्या रकमेचं स्टँडर्ड डिडक्शन घेत असाल तर टॅक्समध्ये काही फरक पडत नाही. आम्ही हे आधीच सांगतो, त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेलीही आमची, चालेल. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे का ते आयआरएसच्या (कर खात्याच्या) साइटवर तुम्ही स्वतः शोधू शकता, आम्ही गाड्या पाठवतो त्या संस्थांची नावंसुद्धा तिथं टाकून बघा.

छोट्या पिकअपला भाव बरा येतो, कारण तसे ट्रक आता फारसे उरले नाहीत. शेवरलेचा एस-१० २००४ ला संपला, रेंजर इथं २०११ नंतर बंद होता आणि २०१९ ला आला तो मोठा होऊन. बागकामवाले, हँडीमन जुना छोटा ट्रकच शोधत असतात. म्हणून भंगारात देण्याआधी आम्हाला विचारा. उचलून न्यायचे तुमच्याकडून पैसे घेत नाही, आमचा खर्च संस्था विक्रीच्या रकमेतून देते.

ट्रक जायच्या आधी सीटच्या मागची जागा बघा, लोकांचे पाने आणि जुनी बिलं तिथंच राहतात. टोल टॅग काढा. मागच्या हौद्यातली टूलबॉक्स ठेवायची असेल तर बोल्ट आधीच सोडवून ठेवा, फ्लॅटबेड दारात उभा असताना गंजलेले बोल्ट सुटत नाहीत. नंबर प्लेट बऱ्याच राज्यांत तुम्ही काढून घ्यायची, कॅलिफोर्नियात सहसा ती गाडीबरोबर जाते. गाडी गेली की डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडे, गाडी दिल्याची नोंद त्याच दिवशी करा, आणि इन्शुरन्स त्यानंतरच बंद करा.

फोन करताना टायटल समोर ठेवा आणि त्यावर नाव जसं छापलंय तसंच अक्षर न अक्षर आम्हाला वाचून दाखवा.