स्टेजचा बोर्ड : तांबं, पितळ आणि खान्देशचं ऊन

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो आणि लगीनसराईही तेव्हाच जोरात असते. गर्मीचा त्रास वाजवणाऱ्यांना होतो, तसा स्टेजवरच्या एक्स्टेन्शन बोर्डालाही होतो. तारेवरचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच टिकेल असं धरलेलं असतं. हवा ३० अंशांची असेल तर करंटमुळे तापायला तारेला ४० अंशांची मोकळीक मिळते, ४५ अंशांच्या हवेत ती २५ वर येते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सुरक्षित करंट साधारण ७९ टक्क्यांवर येतो. थोडक्यात, १० अँपिअरची तार आपल्याकडे उन्हाळ्यात ८ अँपिअरचीच समजावी.

वाद्यांचा भार मुळात फार नसतो. कीबोर्डचा १२ व्होल्ट, दीड अँपिअरचा ॲडॅप्टर म्हणजे १८ वॅट. ऑक्टोपॅड तेवढंच, मिक्सर फार तर ५० वॅट. ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरवर १००० वॅट छापलेलं असलं तरी गाणं चालू असताना सरासरी १५० ते ३०० वॅटच ओढले जातात. दोन स्पीकर धरून सगळं मिळून ६००-७०० वॅट, म्हणजे ३ अँपिअर. भार वाढतो तो धुराचं मशीन आणि हॅलोजनमुळे. ही आतून हीटरच असल्यामुळे एकेक हजार-दीड हजार वॅट घेतात. ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॅट आहे. त्यामुळे ही दोन्ही आणि कूलर मंडपवाल्याच्या वेगळ्या लाइनवरच लावायला सांगा.

मग ३-४ अँपिअरवरही बोर्ड का वितळतो? पकड सैल असते म्हणून. आपल्या ६ अँपिअरच्या प्लगची पिन सुमारे ५ मिलिमीटर जाड असते, १६ अँपिअरची ७ मिलिमीटर. कुठलाही प्लग घेणाऱ्या ‘युनिव्हर्सल’ भोकांच्या बोर्डात सगळं बसतं, पण घट्ट काहीच बसत नाही. त्यात बेसच्या हादऱ्यांनी पिन आणखी सैल होते. सांध्यात दोन ओहमचा अडथळा आला आणि ४ अँपिअर वाहिले, तर त्या टिचभर जागेत ३२ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, यावरून अंदाज घ्या. प्लग काढून पाहा : पिन एका बाजूने तपकिरी-काळी झाली असेल, भोकाभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर बोर्ड आणि प्लग दोन्ही बदला. पिन घासून चकचकीत केली तरी आतल्या पितळी पट्टीचा गेलेला ताण परत येत नाही.

विकत घेताना पैसा तांब्या-पितळेत घाला, भोकांच्या संख्येत नको. भारतीय तीन पिनची गोल भोकं, आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस १२९३’ पाहून घ्या. प्लगच्या पिनला चुंबक लावून बघा. चिकटलं तर तो मुलामा दिलेला लोखंडी माल, सोडून द्या. तार तीन कोअरची (फेज, न्यूट्रल आणि अर्थच्या तीन तारा एकाच आवरणात), तिच्यावर ‘आयएस ६९४’ आणि जाडी छापलेली असावी. स्वस्त बोर्डांना बहुधा ०.७५ चौरस मिलिमीटरची तार असते. ती ३० मीटर ओढून १० अँपिअर घेतले तर जाऊन-येऊन १४ व्होल्ट वाटेतच जातात आणि १४० वॅट तारेत उष्णता होऊन बसतात. दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर दोन्ही आकडे निम्म्यावर येतात. तार रीळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नका. आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि पीव्हीसी तिथेच वितळायला लागतं.

‘सर्ज प्रोटेक्शन’च्या दिव्यावर फार विसंबू नये. त्यात व्हेरिस्टर नावाची चकती असते. वीज कडाडल्यावर किंवा मोठी मोटर बंद पडल्यावर येणारी क्षणिक उसळी ती गिळते आणि दर वेळी थोडी झिजते. यात्रेच्या स्टेजवरचा मोठा धोका वेगळाच असतो : थ्री-फेज जनरेटरचा न्यूट्रल (करंट परत नेणारी, तिन्ही फेजची सामाईक तार) निसटणं. तसं झालं की कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. हे काही क्षणांपुरतं नसतं, त्यामुळे व्हेरिस्टर जळतो आणि पाठोपाठ ॲडॅप्टर. त्यासाठी व्होल्टेज वाढताच लाइन तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर लावावा. तरीही जोडणी करण्याआधी मल्टिमीटर लावाच. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. यात फरक दिसला तर एकही प्लग लावू नका.

स्पीकरमधून ‘हम’ म्हणजे सततची घरघर येते म्हणून अर्थची पिन काढून टाकणं हा आपल्याकडचा सगळ्यांत घातक उपाय आहे. आतली फेज सुटून धातूच्या बॉडीला लागली की माइक धरणाऱ्याच्या हातातून करंट जातो, आणि सारंगखेड्याच्या यात्रेसारखं नदीकाठचं ओलसर मैदान पायाखाली असेल तर तो जमिनीत उतरायला सोपी वाट मिळते. हम बहुतेकदा दोन उपकरणं दोन ठिकाणच्या सॉकेटवर असल्यामुळे येतो, कारण दोन अर्थमधल्या फरकाचा करंट ऑडिओ वायरच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) फिरतो. मिक्सर, कीबोर्ड, ॲम्प एकाच बोर्डावर आणा. तरी राहिला तर डीआय बॉक्सवरचं (वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये लावायच्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा. त्याने ऑडिओचीच जोडणी सुटते, विजेचा अर्थ शाबूत राहतो.

बजेट कमी असेल तर परवानाधारक वायरमनकडून बोर्ड बांधून घेणं सर्वांत परवडतं. भक्कम पीव्हीसी बॉक्स, ६ अँपिअरची सहा सॉकेटं, १० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की पडणारा स्विच), दीड चौरस मिलिमीटरची १० मीटर तीन कोअर तार, १६ अँपिअरचा प्लग. तार ओढली गेली तरी आतला स्क्रू सैल होऊ नये म्हणून बॉक्सच्या तोंडाशी तार घट्ट आवळून धरणारा केबल ग्लँड हवाच. या सामानात एखादी वस्तू गाळावी लागली तर दोन सॉकेटं कमी करा, आरसीसीबी गाळू नका. गावातल्या मंडपाचा अर्थ कमकुवत असला तरी फेजचा करंट माणसातून जमिनीत जाताच तो लाइन तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले गेले तर मात्र त्याला कळत नाही. प्रत्येक कार्यक्रमाआधी त्याचं टेस्ट बटण दाबा. दाबूनही आरसीसीबी पडला नाही तर त्या दिवशी तो बोर्ड वापरू नका.

एमसीबी ३० अंशांच्या हवेसाठी जुळवलेला असतो, म्हणून भर उन्हात तो थोडा लवकर पडेल. पडला तर बोर्ड सावलीत हलवा, भार कमी करा. त्याच्या जागी २० अँपिअरचा बसवला तर दीड चौरस मिलिमीटरची तार तापत राहील आणि एमसीबी पडणारच नाही. कार्यक्रम सुरू झाल्यावर वीसेक मिनिटांनी प्रत्येक प्लगच्या प्लास्टिकला उलट्या हाताने स्पर्श करून बघा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर बोर्ड मेन स्विचवरून बंद करा आणि मगच तो प्लग काढा.