अमेरिकेतलं अस्सल मेक्सिकन जेवण आणि तोर्तियाच्या पिठाचा वाद

अमेरिकेतल्या शहरांत अस्सल मेक्सिकन जेवण कुठे मिळतं, याचा निकाल आधी तोर्तियावर, म्हणजे तिथल्या बहुधा मक्याच्या पातळ भाकरीवर लागतो, मांस-चटण्यांचा विचार नंतर. आणि बहुतेक ठिकाणी तोर्तिया का फसते याचं कारण मेक्सिकोतच, १९९० च्या सुमारास झालेल्या एका सरकारी निर्णयात आहे.

मूळ कृती अशी: एक किलो वाळलेला मका, साधारण १० ग्रॅम खाण्याचा चुना, दोन-तीन लिटर पाणी. साल बोटांनी चोळून सुटेपर्यंत मका मंद आचेवर शिजवायचा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायचा, सकाळी धुऊन दगडी चक्कीवर ओलाच वाटायचा. या शिजवून भिजवलेल्या मक्याला निक्स्तामाल म्हणतात. धुण्यात कसूर झाली तर चुन्याची कडवट चव राहते. मका जास्त शिजला तर पीठ चिकट होतं, कमी शिजला तर कणी राहते आणि तोर्तिया फुगत नाही. हे ओलं पीठ उन्हाळ्यात त्याच दिवशी आंबायला लागतं, म्हणून गिरणी जवळ असावी लागते.

हेच पीठ वाळवून पोत्यात भरण्याचा कारखाना १९४९ मध्ये उत्तर मेक्सिकोत निघाला. पाणी घातलं की काम झालं. तरीही पुढची कित्येक दशकं गल्लोगल्लीच्या गिरण्या टिकल्या, कारण त्यांना सरकारकडून स्वस्तात मका मिळत होता. १९९० च्या सुमारास सरकारने त्यांचा मक्याचा कोटा गोठवला आणि मागणीत होणारी वाढ कोरड्या पिठाने भरून काढायचं ठरवलं. समर्थकांचं म्हणणं असं की, गिरण्या पाणी आणि इंधन फार खातात, स्वच्छतेची खात्री नसते, कोरडं पीठ मात्र महिनोन्महिने टिकतं. पाणी-इंधनाचा मुद्दा खरा आहे. पण विरोधकांनी तेव्हाच विचारलं होतं की, दोष सुधारायला गिरण्यांना मदत न देता कारखानदारांना वाढता बाजार का बहाल केला? या कारखानदारांवर सरकारची मेहेरनजर असल्याचा आरोपही झाला. पिढ्यान्‌पिढ्यांची चव एका कोट्यावर सोडून देणं चूकच होतं. पुढे १९९४ चा अमेरिका-कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार आला, अमेरिकेचा मका वाढत्या प्रमाणात येऊ लागला, आणि १९९९ च्या सुरुवातीला तोर्तियाच्या दरावरचं सरकारी नियंत्रणही संपलं.

त्या दशकात सीमा ओलांडणाऱ्या लाखोंनी हीच पोत्यातल्या पिठाची सवय सोबत नेली. अमेरिकेतल्या छोट्या हॉटेलांनाही तेच परवडतं. फरक ओळखायला सोपा आहे. निक्स्तामालाची ताजी तोर्तिया तव्यावर टम्म फुगते, घडी घातली तरी चिरत नाही, भाजक्या मक्याचा वास देते. कोरड्या पिठाला पाणी कमी पडलं तर कडा फाटतात आणि गार होताच ती पुठ्ठ्यासारखी होते. दोन तोर्तिया एकावर एक देणं मात्र लबाडी नव्हे, रस्त्यावरच्या लहान टाकोची (सारण घालून दुमडलेल्या तोर्तियाची) ती रीतच आहे. विचारायचं एवढंच: ‘पीठ पोत्यातलं की मका इथेच भिजवता?’

गेल्या काही वर्षांत लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमध्ये गावरान मका आणून निक्स्तामाल करणारे पुन्हा दिसू लागले आहेत. वाद मात्र संपलेला नाही. २०२३ मध्ये मेक्सिकोने तोर्तियासाठी जनुकीय बदल केलेल्या मक्यावर बंदी घातली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या तक्रारीवर व्यापार लवादाचा निकाल या बंदीविरुद्ध गेला. मार्च २०२५ मध्ये अशा मक्याच्या लागवडीवरची बंदी थेट राज्यघटनेतच आली.

गव्हाची तोर्तिया दिसली की जेवण नकली, हा समजही चुकीचा आहे. सोनोरासह उत्तर मेक्सिकोत ती घरोघरी असते. पिवळं किसलेलं चीज, जिऱ्याचा मारा आणि आधीच घडी घालून कडक केलेला टाको ही अमेरिकन घडण आहे. मालक कुठल्या भागाचा, हे पाहिलं तर निवड सोपी होते. न्यूयॉर्कमध्ये मेक्सिकोच्या पुएब्ला राज्याचे लोक खूप, म्हणून तिथे सेमिता (तिळाच्या पावाचं सँडविच) मागावी. लॉस एंजेलिसमध्ये वाहाका राज्याचे लोक आहेत, तिथे त्लायुदा (वर जिन्नस पसरलेली मोठी कुरकुरीत तोर्तिया) आणि मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा). अल पास्तोर (मसाला लावून भाजलेलं डुकराचं मांस) उभ्या फिरत्या सळीवरून कापून देत असतील तर ठीक, तव्यावर परतलेले तुकडे म्हणजे निव्वळ मसालेदार डुकराचं मांस. मेनुदो (गाईच्या जठराचं सूप) आणि बार्बाकोआ (हळूहळू शिजवलेलं मऊ मांस) बऱ्याच जागी फक्त शनिवार-रविवारी असतात.

अमेरिकेतल्या शाकाहारी मराठी मंडळींना एक सूचना: घोटलेल्या राजमा-घेवड्यात आणि तामालेत (पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थात) बहुधा डुकराची चरबी असते आणि लालसर भात बरेचदा कोंबडीच्या रश्श्यात शिजतो. ‘मांस आहे का?’ एवढं विचारून भागत नाही, चरबी आणि रस्सा वेगळे विचारावे लागतात.