शेवटचा डास मेल्याशिवाय हिवताप हटत नाही, हा समज चुकीचा

यावल-चोपड्यापासून अक्कलकुवा-धडगावपर्यंत सातपुड्याच्या गावांत फवारणीचे पथक आले की, ‘नाल्यातले सगळे डास थोडेच मरणार, मग भिंती कशाला खराब करायच्या?’ हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न रास्त वाटतो, पण त्यामागचे गृहीतक शंभर वर्षांपूर्वीच खोडले गेले आहे.

डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी १८९७ साली सिकंदराबाद येथे शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी १९११ मध्ये गणिताने दाखवले, की डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली तर एका रुग्णामागे सरासरी एकाहून कमी नवा रुग्ण होतो आणि डास शिल्लक असूनही आजार ओसरतो.

१९५० च्या दशकात ब्रिटिश हिवतापतज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी त्यात डासाच्या आयुष्याचा हिशेब घातला, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. रुग्णाला चावलेल्या मादीच्या शरीरात परजीवी पक्व व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात; तोवर ती जगली, तरच तिचा पुढचा चावा धोक्याचा. रोज शंभरातल्या नव्वद माद्या जगत असतील, तर बारा दिवसांनी अठ्ठावीस उरतात. रोज ऐंशीच जगल्या, तर जेमतेम सात. रक्त पिऊन भिंतीवर विसावणारी मादी फवारणीने मरते ती याच मुदतीत. कानाशी गुणगुण चालूच राहील, हे कबूल.

मात्र फवारलेली भिंत लगेच शेणामातीने सारवली, तर औषध झाकले जाते आणि हा हिशेब बिघडतो.