रागाला पान मिळालं, त्याची गोष्ट

१८४४च्या नाताळात फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचं पुस्तक शोधत होते. मनासारखं मिळेना, तेव्हा कोरी वही आणून त्यांनी स्वतःच चित्रं काढली, गोष्टी रचल्या. १८४५मध्ये ते पुस्तक छापून आलं. त्यातला फ्रीडरिख माश्यांचे पंख उपटतो, कुत्र्याला चाबकाने मारतो. कुत्रा चावतो, फ्रीडरिख अंथरुणाला खिळतो आणि त्याच्या ताटातलं जेवण कुत्रा मजेत फस्त करतो. पण पोरगं इतकं चिडलंय कशाने? ते पुस्तकात कुणीच विचारत नाही. हेच हॉफमन पुढे मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, हे वाचून गंमत वाटते.

मुलांनी कसं वागावं, याचीच काळजी पुस्तकांना पुढेही बराच काळ लागून राहिली.

१९६३मध्ये अमेरिकेत मॉरिस सेंडॅक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' आलं. लांडग्याचा पोशाख घालून धुडगूस घालणारा मॅक्स आईला उलटून बोलतो. आई त्याला उपाशीच झोपायला पाठवते. सुरुवातीचं चित्र लहानसं, भोवती भरपूर कोरी जागा. मॅक्स मनाने दूर राक्षसांच्या देशात जातो तसं चित्र फुगत जातं, शब्दांना बाजूला ढकलतं. राक्षसांच्या दंग्याची सलग तीन जोडपानं तर बिनशब्दांची. राग ओसरला की चित्र पुन्हा आकसतं. अगदी शेवटच्या पानावर चित्रच नाही. खोलीत ठेवलेलं जेवण अजून गरम होतं, एवढंच लिहिलेलं. ना माफी, ना उपदेश. मानसतज्ज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६९मध्ये यावर कडक टीका केली, तीही पुस्तक न वाचता! तोवर त्या पुस्तकाला १९६४चं कॅल्डेकॉट पदक, म्हणजे अमेरिकेत मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी दिला जाणारा मानाचा पुरस्कार, मिळून गेला होता.

१९९०मध्ये सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 'भावनिक बुद्धिमत्ते'ची कल्पना मांडली आणि १९९५मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. भावना ओळखणं हे आता शिकवायचं कौशल्य ठरलं. १९९९च्या मॉली बँग यांच्या पुस्तकातली सोफी बहिणीने खेळण्यातला गोरिला ओढून घेतल्यावर लालबुंद होते, म्हणजे तिच्या आकृतीची कडाच लाल होते. ती धावत सुटते, झाडावर चढून समुद्राकडे बघत बसते आणि शांत होऊन घरी येते. तिला कुणी काही समजावत नाही.

२०१२मध्ये स्पेनच्या ॲना येनास यांच्या चित्रपुस्तकात रंगीत राक्षस आला: आनंद पिवळा, दुःख निळं, राग लाल, भीती काळी, प्रत्येकाची बरणी वेगळी. लहानग्यांना ते चटकन कळतं, हे खरंच. पण 'आज तुझी कुठली बरणी?' असं रोज विचारायला लागलं, की ती हजेरी होते. आणि रुसवा कुठे भरायचा? त्यात राग असतो, रडू असतं, शिवाय कुणीतरी समजूत काढायला यावं अशी आसही असते. येनास यांनाही ते जाणवलं असावं. सगळं बरण्यांत भरून झाल्यावर त्यांचा राक्षस गुलाबी होतो आणि आता याला काय झालं, हे पुस्तक मुलांनाच विचारतं.